पुस मॉथचं इंजिन उलटं का होतं? एका तयार उत्तराबद्दल तक्रार

जे. आर. डी. टाटांचं ते उड्डाण आपण सगळ्यांनीच कुठे ना कुठे वाचलेलं असतं. १५ ऑक्टोबर १९३२. टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून निघालेलं पुस मॉथ, वाटेत अहमदाबाद, मग मुंबईला जुहू. थैल्यांबद्दल लिहिलं जातं, जुहूबद्दल लिहिलं जातं, त्यातून पुढे एअर इंडिया कशी उभी राहिली यावर तर पुस्तकंच आहेत. त्या विमानाच्या नाकातलं इंजिन डोकं खाली, पाय वर अशा अवस्थेत बसवलेलं होतं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

गंमत अशी की दोनच वर्षं आधी, १९३० मध्ये, याच जेआरडींनी आगा खान यांच्या बक्षिसासाठी कराची ते लंडन मोहीम केली, ती जिप्सी मॉथमधून. त्या विमानाचं इंजिन सुलटं होतं. कंपनी तीच, डी हॅविलँड. इंजिनाचा आरेखक तोच, फ्रँक हॅलफर्ड. इंजिनाचं घराणंही तेच, जिप्सी. जिप्सी तीन हे इंजिन म्हणजे जवळपास उलटं केलेलं जिप्सी दोन. मधल्या काळात असं काय झालं, की चांगलं चालणारं इंजिन त्यांनी उपडं करून टाकलं?

विमानांवरच्या लेखांत आणि व्हिडिओंत याचं उत्तर एका ओळीत मिळतं: वैमानिकाला समोरचं नीट दिसावं म्हणून. उत्तर खोटं नाही. पण ते ऐकलं की पुढचे प्रश्न बंद होतात, आणि माझी तक्रार तिथेच आहे. हे उत्तर फक्त वैमानिकाच्या खुर्चीत बसून दिलेलं आहे. इंजिन उलटं केल्याचा फायदा त्या खुर्चीतून दिसतो, त्याची किंमत तिथून दिसत नाही. ती दिसते जमिनीवर उभं राहून, सकाळी थंड इंजिनाचा पंखा हातानं फिरवणाऱ्या माणसाच्या जागेवरून. माझ्या पीएचडीचा विषय दट्ट्याच्या रिंगांमधून तेल कुठून आणि किती सरकतं हा आहे, त्यामुळे मी आपोआपच त्या दुसऱ्या माणसाच्या बाजूला उभा राहतो. पक्षपात असेल तर तो आधीच सांगितलेला बरा.

आधी शब्द नीट करून घेऊ. 'उभं' आणि 'उलटं' यात गोंधळ होतो, म्हणून इथे 'सुलटं', 'उलटं' आणि 'आडवं' असे तीनच शब्द वापरतो. सुलटं इंजिन कसं असतं ते आमच्या दोंडाईचा-शिंदखेडा भागातल्या कुठल्याही जुन्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. वीज नव्हती तेव्हा विहिरीवर जे किर्लोस्करचं डिझेल इंजिन असायचं, ते डोळ्यासमोर आणा. वर हेड, त्यात व्हॉल्व्ह. खाली सिलिंडर, त्यात दट्ट्या. सगळ्यात खाली क्रँक, आणि त्याच्या पोटात तेल. तेल वर उडतं, काम करतं आणि आपल्या वजनानं परत खाली येतं. निम्मं काम गुरुत्वाकर्षण फुकटात करून देतं. आता हेच इंजिन उचलून उपडं करा. क्रँक वर, हेड खाली. झालं उलटं इंजिन. विहिरीवर असं कुणी केलं असतं तर गावानं त्याला वेड्यात काढलं असतं. विमानात केलं, आणि त्याला कारण होतं.

पण त्या कारणाआधी एक गोष्ट, जी या एका ओळीच्या उत्तरात हरवते. सुलटं इंजिन का होतं, हा प्रश्न कुणी विचारत नाही. सुलटं म्हणजे नैसर्गिक, त्याला कारण कशाला, असं आपण धरून चालतो. खरं तर पहिल्या मॉथ विमानाचं इंजिन सुलटं होतं ते भंगारामुळे. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये लष्करी इंजिनांचे ढीग पडून होते. ते विकण्यासाठीच एक कंपनी निघाली होती. तिच्याकडे रेनोच्या घडणीचं आठ सिलिंडरचं व्ही आकाराचं इंजिन होतं. हॅलफर्डनं १९२५ मध्ये त्याची एक बाजू घेतली, चार सिलिंडर एका रांगेत, त्याला नवा क्रँककेस दिला आणि साठ अश्वशक्तीचं सिरस इंजिन तयार केलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत पहिलं मॉथ उडालं. मूळचं इंजिन सुलटं, म्हणून त्याचं अर्धं सुलटं. पुढे जुन्या इंजिनांचे भाग संपत आले, तेव्हा १९२७ मध्ये डी हॅविलँडनं हॅलफर्डकडूनच स्वतःचं जिप्सी इंजिन करून घेतलं. तेही चार सिलिंडर रांगेत आणि सुलटंच. म्हणजे सुलटं हा वारसा होता. पहिला खरा निर्णय इंजिन उलटं करण्याचा. एखाद्या रचनेवर टीका करताना तिच्यातलं काय ठरवून आलं आणि काय आपोआप चालत आलं हे वेगळं काढावं लागतं, नाहीतर आपण चालत आलेल्या गोष्टीला शहाणपण समजतो.

आता कारण. ते इंजिनात शोधू नका, पंख्यात शोधा.

या छोट्या विमानांमध्ये पंखा थेट क्रँकशाफ्टच्या टोकाला बसवलेला असतो, मध्ये गिअर नाही. म्हणजे पंख्याचा आस तोच क्रँकचा आस. पंख्याचा व्यास साधारण दोन मीटर. त्याचं टोक जमिनीला लागता कामा नये, धक्का बसून चाकं दबली तरी नाही, म्हणून खाली आणखी वीतभर-दोन वीत मोकळी जागा लागते. एवढ्यावरून क्रँक जमिनीपासून किती उंच हवा ते ठरून जातं, सव्वा मीटरच्या आसपास. इथपर्यंत इंजिन सुलटं की उलटं हा प्रश्न आलेलाच नाही. तो आता येतो: क्रँकची जागा पक्की, मग सिलिंडर कुठे ठेवायचे? जिप्सी मेजर या नंतरच्या इंजिनाची एकूण उंची साधारण पाऊण मीटर, आणि त्यातला बहुतेक भाग क्रँकच्या एकाच बाजूला. तो वर ठेवला तर बरोबर वैमानिकाच्या नजरेच्या रेषेत एक भिंत उभी राहते. खाली ठेवला तर पंख्याला जमिनीपासून वर ठेवण्यासाठी जी जागा मोकळी सोडावीच लागली होती, त्याच जागेत तो लटकतो. विमानाच्या नाकाखालची ती जागा तशी वायाच जात होती. उलट्या इंजिनानं ती वापरली.

हे असं मांडलं की 'दिसावं म्हणून' या उत्तरात काय सुटतं ते लक्षात येतं. दिसणं हा परिणाम आहे. मूळ गोष्ट अशी की पंख्याच्या आसाखाली रिकामी जागा आहे आणि वर नाही. त्याच एका गोष्टीतून बाकीचे फायदेही येतात: नाकाचा वरचा भाग गुळगुळीत उतरता होतो, चाकांचे पाय लांब करावे लागत नाहीत, धूर आणि तेलाचे शिंतोडे विमानाच्या पोटाखालून निघून जातात. सुलट्या जिप्सीचे व्हॉल्व्ह वर उघड्यावर असायचे, त्यांचं ग्रीस उडून कुणाच्या तोंडावर यायचं ते वेगळं सांगायला नको.

शिवाय 'दिसणं' हेसुद्धा तपासून घ्यावं लागतं. जमिनीवर उभं असताना ही सगळी विमानं शेपटीवर बसलेली, नाक आकाशाकडे. इंजिन उलटं असो की सुलटं, धावपट्टीवर चालवताना समोर काहीही दिसत नाही. टायगर मॉथचा वैमानिक उलट्या इंजिनामागे बसूनही नागमोडी चालत, आलटून पालटून दोन्ही बाजूंनी डोकावत जायचा. हवेत असताना उघड्या कॉकपिटमधल्या माणसाला एक सोय असते, मान बाहेर काढायची. जिप्सी मॉथमध्ये सुलटं इंजिन खपून गेलं ते यामुळेच, असं मला वाटतं. पुस मॉथचं तसं नव्हतं. ते बंद केबिनचं विमान, काचांच्या आत वैमानिक आणि त्याच्या मागे प्रवासी किंवा थैल्या. मान बाहेर काढण्याची सोय गेली. १९२९ च्या सप्टेंबरमध्ये त्याचा पहिला नमुना उडाला तोच उलटं इंजिन घेऊन. माझ्या मते केबिन आणि उलटं इंजिन हे दोन निर्णय नाहीतच, एकाच निर्णयाची दोन टोकं आहेत. ज्याला कोट-टोपी घालून, तेलाचे डाग न लागता प्रवास करायचा आहे अशा गिऱ्हाईकासाठी विमान करायचं ठरलं, आणि इंजिनाला उपडं व्हावं लागलं. टपालाच्या धंद्यालाही हेच विमान सोयीचं पडलं.

इथपर्यंत हॅलफर्डला पूर्ण गुण. आता दुसरी बाजू.

दट्ट्या म्हणजे काय, तर एक उपडा पेला. विहिरीवरच्या इंजिनात त्याचं बंद तोंड वर, उघडं तोंड खाली. त्याच्या आत तेल उडालं तरी ठिबकून खाली जातं. इंजिन उलटं केलं की हा पेला सुलटा होतो, आणि सुलटा पेला भरतो. इंजिन बंद झाल्यावर वरच्या क्रँकला, दांड्यांना चिकटलेलं गरम तेल थेंब थेंब त्यात पडत राहतं. दट्ट्याच्या कडेला ज्या रिंग असतात त्यातली एक तेल खरवडणारी. तिनं खरवडलेलं तेल दट्ट्याच्या आत परत जावं म्हणून तिच्या खाचेत बारीक भोकं ठेवलेली असतात. सुलट्या इंजिनात ही भोकं तेल बाहेरून आत नेतात. उलट्या इंजिनात, इंजिन थांबलेलं असताना, आत तेल पुरेसं साचलं तर तीच भोकं ते आतून बाहेर, रिंगांकडे सोडतात. जी सोय होती तिचीच गळती झाली.

पुढचा प्रवास रिंगांच्या फटीतून. इंजिन चालू असताना वायूचा दाब रिंगांना भिंतीवर दाबून धरतो. बंद इंजिनात तो दाब नसतो, फक्त रिंगेचा स्वतःचा ताण असतो. अशा अरुंद फटीतून किती तेल वाहील हे फटीच्या रुंदीच्या घनावर अवलंबून असतं: रुंदी दुप्पट झाली तर तेल आठपट. रचना तीच असूनही नवं इंजिन महिनोन्महिने काही त्रास देत नाही आणि झिजलेलं इंजिन रोज सकाळी निळा धूर ओकतं, त्याचं कारण हा घन. माझ्या कामाचा बराचसा भाग या एका वाक्याभोवती फिरतो. फरक एवढाच की मी ज्या इंजिनांकडे बघतो ती सुलटी आहेत, आणि तिथे गुरुत्वाकर्षण आपल्या बाजूनं असतं.

हे तेल शेवटी हेडमध्ये जाऊन बसतं, कारण सगळ्यात खाली आता हेड आहे. किती बसलं तर धोका? हा हिशेब आपण करू शकतो. जिप्सी मेजरच्या सिलिंडरचा व्यास ११८ मिलिमीटर, दट्ट्याची चाल १४० मिलिमीटर. म्हणजे एका सिलिंडरची क्षमता साधारण १.५३ लिटर. सुरुवातीच्या जिप्सी मेजरचं कॉम्प्रेशन ५.२५ ला १. यावरून दट्ट्या हेडच्या सगळ्यात जवळ आला तरी मध्ये उरणारी जागा येते सुमारे ३६० मिलिलिटर. तेवढं तेल जमलं तर दट्ट्याला जायला जागाच नाही, आणि तेल दाबलं जात नाही. इंजिन फिरवायचा जोर लावला तर वाकणार कनेक्टिंग रॉड. यालाच इंजिन 'लॉक होणं' म्हणतात. निम्मं, म्हणजे १८० मिलिलिटर जमलं तरी लॉक होत नाही, पण त्या एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन जवळपास साडेनऊला एक होऊन बसतं. त्यात तेलानं माखलेला प्लग ठिणगी देईल की नाही हा वेगळाच प्रश्न.

चारही सिलिंडर सारखे धोक्यात नसतात, हे मला यातलं सगळ्यात रंजक वाटतं. इंजिन थांबतं तेव्हा ज्याचा एखादा व्हॉल्व्ह उघडा राहिला त्याच्यातलं तेल नळीत उतरतं. घाण होते, पण लॉक होत नाही. दोन सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह साधारण बंद असतात. त्यातला एक पॉवर स्ट्रोकमध्ये थांबलेला. इंजिन पुढे फिरवलं की त्याचा एक्झॉस्ट उघडणार आणि तेल बाहेर जाणार. खरा धोका उरतो तो एकाच सिलिंडरचा, जो कॉम्प्रेशनच्या वाटेवर थांबला त्याचा. तो कोणता, हे इंजिन काल संध्याकाळी नेमकं कुठे थांबलं यावर ठरतं. म्हणजे रोज सकाळी एक छोटी सोडत.

ती सोडत उघडायची रीत हातानं पंखा फिरवायची होती. स्विच बंद आहे ना हे ओरडून विचारायचं, उत्तर ऐकायचं, आणि मग पंख्याचं एकेक पातं हळूहळू ओढत इंजिन दोन-चार फेरे फिरवायचं. कुठे अडलं तर जोर लावायचा नाही. प्लग काढायचा, तेल बाहेर सोडायचं, पुन्हा फिरवायचं. विहिरीवरचं इंजिन हँडल मारून चालू करणाऱ्याला हाताला येणारा तो अडसर ओळखीचा असेल. फक्त इथे हँडलच्या जागी दोन मीटरचा लाकडी पंखा आहे, आणि मॅग्नेटोची तार कुठे निसटलेली असेल तर बंद स्विचही बंद नसतो.

आरेखकाला हे माहीत नव्हतं असं अजिबात नाही. उलट्या इंजिनात सिलिंडरची नळी क्रँककेसच्या आत थोडी वर काढलेली असते. पावसाचं पाणी घरात शिरू नये म्हणून उंबरा उंच करतो तसा. तळाला जमलेलं तेल त्या उंबऱ्याभोवती थांबतं आणि ओढून घेणारा पंप ते बाहेरच्या टाकीत परत पाठवतो. टायगर मॉथ जवळून बघायला मिळालं तर इंजिनाच्या मागे बाहेरच्या बाजूला तेलाची वेगळी टाकी दिसते, ती याच हिशेबातली. म्हणजे उपडं करण्याच्या बदल्यात एक टाकी, जास्तीच्या नळ्या, ओढून घेणारा पंप आणि उंबरे एवढं मान्य केलेलं आहे. पण उंबरा तळावरचं तेल अडवतो, वरून थेट नळीत ठिबकणारं नाही. ते अडवण्याचं काम रचनेनं केलेलं नाही, रोज सकाळच्या माणसावर सोपवलेलं आहे. या इंजिनावर माझी जी काही टीका आहे ती एवढ्याच ठिकाणी आहे, आणि ती हॅलफर्डपेक्षा त्याच्यावर लिहिणाऱ्यांवर जास्त आहे. आरेखक काहीतरी देऊन काहीतरी घेतच असतो. पण इतिहास लिहिताना जे मिळालं ते वैमानिकाच्या नावावर लिहायचं आणि जे द्यावं लागलं ते लिहायचंच नाही, हे बरोबर नाही. १९३० च्या त्याच मोहिमेत इजिप्तमध्ये अबूकीरला अस्पी इंजिनिअर प्लगसाठी अडकले होते आणि जेआरडींनी आपल्याकडचे जादाचे प्लग त्यांना दिले, शेवटी बक्षीस अस्पींनी मिळवलं, हा किस्सा सगळ्यांना माहीत आहे. दिलदारपणाचा म्हणून तो सांगतात, आणि सांगावाच. पण एकट्यानं उडणारा माणूस स्वतःच स्वतःचा मिस्तरी होता म्हणून प्लगची गोष्ट आपल्यापर्यंत पोचली. क्लबमधल्या मिस्तरींच्या अशा शेकडो सकाळी पोचल्या नाहीत.

आता दोन गैरसमज, जे या विषयावर बोलायला लागलं की हमखास येतात.

पहिला: इंजिन उलटं म्हणजे विमान उलटं उडवता येतं. काही संबंध नाही. टायगर मॉथ उपडं केलं की त्याचं इंजिन गप्प होतं, कारण त्याचं पेट्रोल वरच्या पंखातल्या टाकीतून आपल्या वजनानं खाली येतं आणि कार्ब्युरेटरला तरंगता गोळा असतो. विमान उपडं झालं की 'खाली' हा शब्दच फिरतो.

दुसरा जास्त चिवट. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन मेसरश्मिट १०९ चं डाइमलर-बेंझ इंजिन उलट्या व्हीचं, बारा सिलिंडरचं. ब्रिटिश स्पिटफायरचं मर्लिन सुलट्या व्हीचं. मेसरश्मिट झटक्यात नाक खाली घालू शकायचं, स्पिटफायरनं तसं केलं तर इंजिन अडखळायचं. यावरून निष्कर्ष काढला जातो की उलटं इंजिन श्रेष्ठ. पण अडखळण्याचं कारण कार्ब्युरेटर. जर्मन इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये दाबानं सोडलं जायचं, मर्लिनमध्ये कार्ब्युरेटर होता. १९४१ मध्ये बिअ‍ॅट्रिस शिलिंग या अभियंतीनं पेट्रोलच्या वाटेत एक साधी भोक पाडलेली चकती बसवून तो त्रास बराचसा कमी केला, आणि मर्लिन होतं तसंच सुलटं राहिलं. पंख्याच्या मध्यातून तोफ झाडता यावी म्हणून इंजिन उलटं, असंही सांगतात. फ्रान्सच्या हिस्पानो-सुइझा इंजिनात हीच सोय सुलट्या व्हीमध्ये होती.

मोठ्या इंजिनांबाबत आमचं पंख्याचं गणितही बदलतं. तिथे क्रँक आणि पंखा यांच्यामध्ये गिअर असतो, त्यामुळे पंख्याचा आस क्रँकपासून हलवता येतो. मर्लिनमध्ये तो क्रँकच्या वर सरकवलेला आहे. म्हणजे सुलटं असूनही इंजिनाचा बराच भाग पंख्याच्या आसाच्या खाली गेला, आणि जिप्सीला जे उपडं होऊन मिळवावं लागलं त्यातलं काही मर्लिनला गिअरनं मिळालं. उलट्या व्हीचा वरचा भाग अरुंद असतो आणि वैमानिकाला नाकाच्या दोन्ही बाजूंनी खाली बघता येतं, हा फायदा खरा. पण तो जिप्सीइतका निर्णायक राहिला नाही. छोट्या विमानाचं उत्तर उचलून मोठ्या विमानाला लावणं ही आळशी तुलना आहे.

आपल्याकडे परत येऊ. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० मध्ये बंगळूरला सुरू केलेल्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये स्वतंत्र भारताचं पहिलं शिकाऊ विमान तयार झालं, एचटी-२. त्याचे आरेखक डॉ. विष्णू माधव घाटगे, कोल्हापूरकडचे, जर्मनीत गटिंगेनला प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केलेले. १९५१ च्या ऑगस्टमध्ये एचटी-२ पहिल्यांदा उडालं ते जिप्सी मेजर इंजिनावर. पुढे त्याला १५५ अश्वशक्तीचं सिरस मेजर दिलं गेलं. दोन्ही इंजिनं चार सिलिंडरची, रांगेतली, उलटी. १९५१ मध्ये हा निर्णय धाडसाचा राहिलेला नव्हता. ज्या टायगर मॉथची जागा हे विमान घेणार होतं त्याचंही इंजिन उलटंच होतं. उलट्या इंजिनाच्या खोड्या हाताला माहीत असलेले फिटर देशात होते. म्हणजे पंचवीस वर्षांत चक्र पूर्ण फिरलं होतं. सुलटं हा जसा आधी वारसा होता, तसा आता उलटं हा वारसा झाला होता. घाटग्यांनी हे इंजिन निवडलं यात मला चूक काही दिसत नाही. हाताशी जे मिळतं आणि ज्याची देखभाल करणारी माणसं आहेत ते घेणं हे आरेखनच आहे.

पण हेच एचटी-२ पुढे लायकॉमिंगच्या आडव्या इंजिनावरही उडालं. आडवं म्हणजे क्रँक मध्यभागी, दोन सिलिंडर डावीकडे, दोन उजवीकडे. पंख्याच्या आसाच्या वर काही नाही आणि खालीही फारसं नाही. वैमानिकाला दिसतं, तेल पोटात राहतं, दट्ट्या ना उपडा ना सुलटा, नुसता आडवा. इंजिन रुंद होतं, ही त्याची किंमत. रांगेतलं अरुंद इंजिन हवेला कमी आडवं येतं, आणि एकामागे एक बसणाऱ्या दोघांच्या विमानाला ते शोभून दिसतं. शेजारी शेजारी बसायचं असेल तर विमान मुळातच रुंद, मग इंजिनाची रुंदी कुणाला खुपत नाही. छोट्या विमानांच्या जगात सुलटं की उलटं हा वाद बहुतेक ठिकाणी असा सुटला: कुणी जिंकलं नाही, प्रश्नच बाजूला पडला. धुळ्याजवळ गोंदूरच्या धावपट्टीवर बॉम्बे फ्लाइंग क्लबचं प्रशिक्षण चालत आलं आहे. त्याच क्लबमध्ये शिकून जेआरडींनी १९२९ मध्ये परवाना मिळवला होता, मॉथच्या काळात. आज खानदेशावर घिरट्या घालणारं सेस्नासारखं शिकाऊ विमान खालून बघाल तर त्याच्या बुटक्या, रुंद नाकात हे आडवं इंजिन आहे. उलटी इंजिनं अगदीच संपली नाहीत. चेक लोकांनी ती नंतरही बरीच वर्षं बनवली, आणि कसरतीच्या विमानांत लोकांनी ती आवडीनं उडवली.

जेआरडींनी १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्या पहिल्या उड्डाणाचा पन्नासावा वाढदिवस म्हणून कराची ते मुंबई पुन्हा एकदा एकट्यानं उड्डाण केलं. या वेळी लेपर्ड मॉथ होतं, इंजिन जिप्सी मेजर, उलटंच. त्या उड्डाणाबद्दल जे काही वाचायला मिळतं त्यात जेआरडी आहेत, हार आहेत, फोटो आहेत. ते जुनं इंजिन त्या दिवसासाठी कुणी तयार केलं, किती दिवस लागले, त्या सकाळी पंखा किती फेरे ओढला, हे शोधायचा मी प्रयत्न करतो आहे.

त्यासाठी एक विनंती. टायगर मॉथ, एचटी-२ किंवा लेपर्ड मॉथवर ज्यांनी देखभालीचं काम केलं, अशा कुणाच्या घरी जुन्या नोंदवह्या असतील तर मला बघायला आवडेल. मला उड्डाणांच्या नोंदी नकोत, तेलाच्या हव्यात: कोणत्या तारखेला किती तेल घातलं आणि इंजिन किती तास चाललं. सलग पाच-सहा महिन्यांच्या अशा नोंदी मिळाल्या तर एकाच इंजिनाच्या रिंगा कशा झिजत गेल्या ते तेलाच्या आकड्यांवरून काढता येईल. वही फाटकी, तेलकट असली तरी चालेल. तेलकट असली तर उलट बरंच.